परसातील कोंबडी : ऊन, थंडी आणि पाणी
(प्रस्तावना)

घराच्या मागील किंवा बाजूच्या मोकळ्या जागेत, घरातील उष्टे-खरकटे, धान्य पाखडताना पडलेली कणी आणि उकिरड्यातील किडे यांवर पोसल्या जाणाऱ्या पाच-दहा ते पन्नासएक कोंबड्यांच्या पालनाला परसातील कोंबडीपालन म्हणतात. हजारो पक्षी शेडमध्ये ठेवून तयार खाद्यावर केले जाणारे व्यावसायिक कुक्कुटपालन आणि हे पालन यांत केवळ संख्येचा फरक नाही, तर तत्त्वाचा आहे. शेडमध्ये माणूस पक्ष्यासाठी हवामान घडवतो, परसात पक्षी हवामान पाहून आपली जागा बदलतो. २०१९ सालच्या विसाव्या पशुगणनेत देशातील कुक्कुटपक्ष्यांची एकूण संख्या ८५ कोटींवर नोंदवली गेली असून त्यांपैकी सुमारे ३१ कोटी ७० लाख पक्षी परसातील होते, आणि २०१२ च्या गणनेच्या तुलनेत परसातील पक्ष्यांची वाढ जवळजवळ ४६ टक्के होती. मोठ्या शेडच्या आणि कंत्राटी पालनाच्या काळात परसातली कोंबडी मागे पडेल, असे जे गृहीत धरले जात होते, त्याला या आकड्यांनी छेद दिला. असे असूनही या कोंबडीच्या ऋतुमानाप्रमाणे करावयाच्या निगेविषयी, आणि त्यातही तिच्या पाण्याविषयी, मराठीत सलग व सकारण असे लेखन फारसे आढळत नाही. ती उणीव काही अंशी भरून काढणे हा प्रस्तुत पुस्तकाचा हेतू आहे.

ही उणीव राहण्यामागे एक रूढ समजूत आहे. गावरान, म्हणजे पिढ्यान्पिढ्या गावातच वाढलेली आणि कोणत्याही संस्थेने मुद्दाम पैदास न केलेली कोंबडी काटक असते, तिला काही लागत नाही, असे सर्रास मानले जाते. या समजुतीत तथ्य आहे, पण ते अर्धे आहे. गावरान कोंबडीचा काटकपणा जितका तिच्या रक्तात असतो, तितकाच तो तिच्या मोकळेपणात असतो: दुपारी ती गोठ्याच्या सावलीला जाते, जांभळीखालच्या ओल्या मातीत खड्डा उकरून त्यात अंग पसरते, तहान लागली की पाणी शोधते आणि थंडीत सकाळचे कोवळे ऊन जिथे प्रथम पडते तिथे जाऊन उभी राहते. ज्या दिवशी तिच्याभोवती जाळी लागते, अंगणाला कोबा होतो किंवा शेजारच्यांच्या तक्रारीमुळे तिला दिवसभर खुराड्यात ठेवावे लागते, त्या दिवशी या सर्व निवडी तिच्याकडून काढून घेतल्या जातात आणि त्या करण्याची जबाबदारी पाळणाऱ्याच्या अंगावर येते. ही जबाबदारी नेमकी कोणती आणि ती ऋतूगणिक कशी बदलते, हेच या विवेचनाचे मुख्य सूत्र आहे.

हे सूत्र समजण्यासाठी कोंबडीच्या मुळाकडे जाणे आवश्यक आहे. पाळीव कोंबडीचा मुख्य पूर्वज म्हणजे दक्षिण व आग्नेय आशियातील लाल रानकोंबडा होय. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या विस्तृत जनुकीय अभ्यासाने या पाळीवपणाचा उगम चीनचा नैर्ऋत्य भाग, उत्तर थायलंड आणि म्यानमार या पट्ट्यात असावा असे दाखवले. सह्याद्रीत आढळणारा राखी रानकोंबडा ही निराळी जाती असली, तरी पाळीव कोंबडीच्या पिवळ्या कातडीचे जनुक याच जातीकडून संकरातून आलेले आहे, हे २००८ च्या संशोधनातून पुढे आले. हे दोन्ही रानपक्षी उघड्या माळावरचे नव्हेत. ते झाडोऱ्याच्या कडेला, बांबूच्या बेटांत, झऱ्या-ओढ्यांच्या जवळ राहणारे, सकाळ-संध्याकाळ चरणारे आणि भर दुपारी दाट सावलीत दडणारे पक्षी आहेत. त्यामुळे कोंबडी उष्ण प्रदेशातील असल्याने तिला ऊन बाधत नाही, हा तर्क फसवा ठरतो. तिच्या शरीराची घडण उष्ण प्रदेशासाठी झाली हे खरे, परंतु ती सावली आणि पाणी हाकेच्या अंतरावर असलेल्या उष्ण प्रदेशासाठी झाली.

कोंबडीच्या शरीराचे सामान्य तापमान ४१ ते ४२ अंश सेल्सिअस, म्हणजे माणसाच्या तापमानापेक्षा चार-पाच अंशांनी अधिक असते. तिच्या कातडीत घामाच्या ग्रंथी नसतात आणि अंगभर पिसांचे आवरण असते. साहजिकच अंगातली उष्णता बाहेर टाकण्याचे तिचे मार्ग मोजके आहेत. हवा सौम्य असते तोवर, म्हणजे साधारण १८ ते २४ अंशांच्या दरम्यान, तिला त्यासाठी वेगळे श्रम पडत नाहीत. पारा त्यावर चढू लागला की ती पंख अंगापासून सोडून धरते, जेणेकरून पंखांखालच्या विरळ पिसांच्या भागाला वारा लागतो. तुरा, चोचीखाली लोंबणारी लाल कातडी आणि उघडे पाय यांच्याकडे रक्ताचा ओघ वाढतो, आणि तिथून उष्णता हवेत जाते. परंतु हे मार्ग भोवतालची हवा शरीराहून बऱ्यापैकी थंड असेल तोवरच चालतात. हवा ३५ अंशांच्या पुढे गेली की त्यांचा उपयोग घटत जातो आणि विदर्भातील मे महिन्याप्रमाणे ती ४५ अंशांवर पोहोचली की उलट हवेतूनच शरीरात उष्णता शिरू लागते. अशा वेळी एकच मार्ग उरतो, तो म्हणजे धापणे.

धापणे म्हणजे चोच उघडी ठेवून उथळ व अतिशय वेगाने केलेला श्वासोच्छ्वास. विसावलेली कोंबडी मिनिटाला साधारण २५ ते ३० श्वास घेते. धापणाऱ्या कोंबडीत ही संख्या १५० च्याही वर जाते, आणि जवळून पाहिल्यास तिच्या गळ्याखालची कातडी थरथरताना स्पष्ट दिसते. या हालचालीमुळे तोंड, घसा आणि श्वासमार्गातील ओलाव्याची वाफ होते, आणि एक ग्रॅम पाण्याची वाफ होताना सुमारे ५८० कॅलरी उष्णता शरीरातून खेचली जाते. म्हणजेच कडक उन्हाळ्यात कोंबडी पाणी पिते ते केवळ तहानेसाठी नव्हे. तिचे शरीर थंड राहण्याचे ते एकमेव साधन असते. मात्र या साधनाची किंमतही तिला मोजावी लागते. वेगवान श्वासाबरोबर कार्बन डायऑक्साइड वायू गरजेपेक्षा अधिक बाहेर पडतो, त्यामुळे रक्ताची आम्लता घटते, आणि कवच तयार करण्यासाठी लागणारे कार्बोनेट अपुरे पडू लागते. उन्हाळ्यात अंडी पातळ कवचाची येतात, हाताळताना तडकतात, क्वचित नुसत्या पापुद्र्याची येतात, त्याचे हे कारण आहे. त्यातच उष्णतेने खाणे कमी झालेले असल्याने खाद्यातून मिळणारा चुनाही घटलेला असतो. अशा वेळी शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवणे उपयोगी असते, पण सावली आणि पाणी यांची सोय न करता नुसता चुरा ठेवणे हा मूळ दुखण्यावरचा इलाज नव्हे.

पाण्याची गरज किती, या प्रश्नाचे उत्तर खाद्याच्या हिशेबाने देण्याची पद्धत आहे. सौम्य हवेत कोंबडी खाद्याच्या वजनाच्या सुमारे दुप्पट पाणी पिते. अंड्यावरील पूर्ण वाढीची कोंबडी दिवसाला शंभर-सव्वाशे ग्रॅम खात असेल, तर तिला पावशेर-पाव लिटरच्या आसपास पाणी लागते. हवा ३५ अंशांच्या पुढे गेल्यावर हेच प्रमाण खाद्याच्या वजनाच्या चौपट किंवा त्याहून अधिक होते. गावरान कोंबडी अंगाने लहान असल्याने तिची गरज थोडी कमी धरली, तरी दहा कोंबड्यांच्या परसात हिवाळ्यात दोन लिटर आणि उन्हाळ्यात चार ते पाच लिटर पिण्याचे पाणी, शिवाय सांडलवंड आणि भांडी धुण्यासाठी वेगळे, असा हिशेब धरावा लागतो. अंड्याच्या आतील ऐवजाचा जवळजवळ तीन-चतुर्थांश भाग पाणी असतो, हे लक्षात घेतले म्हणजे अर्धा दिवस भांडे कोरडे राहिल्याचा परिणाम पुढचे काही दिवस अंड्यांच्या टोपलीत का दिसतो, हे उमगते. पक्ष्याच्या शरीराला पाण्याची काटकसर ठाऊक नाही असे नाही. सस्तन प्राण्यांप्रमाणे पातळ मूत्र न करता कोंबडी युरिक आम्लाचा पांढरा, दाट अंश विष्ठेबरोबर टाकते. परंतु धापताना जाणारे पाणी ही काटकसर भरून काढू शकत नाही.

येथे एका बदलाची नोंद घेणे अगत्याचे आहे, कारण तो सावकाश घडल्यामुळे सहसा लक्षात येत नाही. जुन्या वाड्या-वस्त्यांत कोंबडीसाठी पाण्याचे वेगळे भांडे बहुधा नसे, आणि त्याची गरजही भासत नसे. न्हाणीचे सांडपाणी अळवाच्या किंवा केळीच्या आळ्यात जाई, गुरांसाठी दगडी डोण भरलेली असे, आडाभोवती धुण्या-भांड्यांचे पाणी साचे, आणि कोंबड्या दिवसभरात या सर्व ठिकाणी फिरून पाणी पीत. ते पाणी स्वच्छ होते असे म्हणता येणार नाही, पण ते होते, आणि ते सावलीत होते. आता सांडपाणी बंद गटारात किंवा शोषखड्ड्यात जाते, गुरे कमी झाल्याने डोणी कोरड्या पडल्या किंवा निघाल्या, आडावर झाकण आले, अंगणात फरशी किंवा पेव्हर ब्लॉक बसले. माणसाच्या आरोग्याच्या दृष्टीने यांतील बहुतेक बदल स्वागतार्ह आहेत; तथापि त्यांनी परसातील कोंबडीची पाण्याची वाट बंद केली, आणि तिच्या जागी दुसरी वाट करून देण्याचे भान मात्र त्याच वेगाने आले नाही. कोंबडीला काही लागत नाही, हे वाक्य ज्या परसात खरे होते, ते परसच आता बदलले आहे.

पाण्याचे भांडे ही म्हणूनच या पुस्तकात क्षुल्लक बाब मानलेली नाही. उघडे पसरट पातेले सर्वांत सोपे, परंतु कोंबड्या त्यात पाय देतात, उकरलेली माती आणि विष्ठा त्यात पडते, आणि लहान पिल्ले बुडून मरतात. पिल्लांसाठी उथळ ताटलीत खडे टाकून फक्त चोच बुडेल एवढीच जागा ठेवण्याची रीत त्यासाठीच आहे. घरगुती साधनांतून करता येणारे अधिक चांगले भांडे म्हणजे बाटली आणि ताटली यांची जोडणी. दोन लिटरच्या रिकाम्या बाटलीला तळाजवळ एक भोक पाडून, ते बोटाने दाबून धरून बाटली काठोकाठ भरतात, बूच घट्ट लावतात आणि ती पसरट ताटलीत उभी करून बोट काढतात. पाणी ताटलीत उतरते आणि भोक पाण्याखाली बुडताच थांबते, कारण आत हवा शिरण्याचा मार्ग बंद होतो. कोंबड्यांनी पाणी पिऊन पातळी भोकाखाली गेली की हवेचा बुडबुडा आत जातो आणि तेवढेच पाणी पुन्हा बाहेर येते. दोन गोष्टी मात्र सांभाळाव्या लागतात. भोक ताटलीच्या काठापेक्षा खाली असले पाहिजे, अन्यथा पाणी काठावरून वाहून जाते. आणि बाटली उन्हात ठेवता कामा नये, कारण आतली हवा तापून फुगते व पाणी बाहेर ढकलते, त्यामुळे दुपारी, म्हणजे नेमक्या गरजेच्या वेळी, ताटलीभोवती चिखल आणि बाटली रिकामी अशी स्थिती होते. भांड्याचा काठ पक्ष्याच्या पाठीच्या उंचीइतका ठेवणे, त्यासाठी विटा लावून ते वर घेणे आणि पिल्ले वाढतील तशा विटा वाढवणे, हा नियम कोणत्याही भांड्याला लागू आहे.

पाण्याचे तापमान हा दुसरा मुद्दा. तापलेले पाणी कोंबडी टाळते, आणि नेमक्या त्याच वेळी तिला त्याची सर्वाधिक गरज असते. पत्र्याखालच्या काळ्या टाकीतून दुपारी दोन वाजता भरलेले पाणी दिले काय नि न दिले काय, फारसा फरक पडत नाही. मातीचे भांडे येथे कामास येते, कारण त्याच्या छिद्रांतून पाझरलेल्या पाण्याची वाफ होताना आतले पाणी निवते. पसरट परळ ओल्या वाळूत अर्धे पुरून ठेवल्यास हा परिणाम वाढतो. मात्र हा उपाय हवेच्या कोरडेपणावर अवलंबून आहे. अकोला, चंद्रपूर किंवा नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात माठ, ओले गोणपाट आणि वाळ्याच्या ताट्या उत्तम काम देतात. रत्नागिरी किंवा सिंधुदुर्गात, जिथे पारा ३५ अंशांच्या आसपास असूनही हवा आधीच ओलाव्याने भरलेली असते, तिथे त्यांचा गुण फार कमी येतो. हीच गोष्ट धापण्यालाही लागू आहे: दमट हवेत श्वासमार्गातील ओलाव्याची वाफ नीट होत नाही, म्हणून कोकणातील ३५ अंश कोंबडीला विदर्भातील ३५ अंशांहून अधिक जाचतात. कोकणात गोणपाट भिजवण्याऐवजी वारा खेळता ठेवणे आणि पाणी वारंवार बदलणे हे उपाय अधिक फलदायी ठरतात. एकाच राज्यात, एकाच महिन्यात दोन परसांना दोन वेगळे सल्ले द्यावे लागतात, याचे हे ठळक उदाहरण होय.

पाण्याची प्रत हाही प्रदेशागणिक बदलणारा विषय आहे. पूर्णा नदीच्या खोऱ्यातील अकोला, अमरावती व बुलढाणा जिल्ह्यांत पसरलेल्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे जमिनीखालचे पाणी क्षारयुक्त असलेल्या पट्ट्यात, विहिरीचे पाणी सतत दिल्यास कोंबड्या अधिक पाणी पितात, विष्ठा पातळ होते आणि खुराड्यात अंथरलेली तुसाची गादी ओली राहते. अशा ठिकाणी उष्णतेवरचा उपाय म्हणून पाण्यात मीठ घालण्याचा सरधोपट सल्ला अपायकारक ठरतो. गूळ-मिठाचे पाणी किंवा बाजारात मिळणारी क्षारांची पूड ही मूळचे पाणी गोडे असेल तिथेच, मोजक्या प्रमाणात आणि कडक उन्हाच्या दिवसांपुरतीच द्यावयाची असते. शेवाळ धरलेल्या भांड्याविषयीही असेच म्हणता येईल: भांडे पुन्हा भरणे म्हणजे ते धुणे नव्हे. आतल्या बाजूला बोट फिरवल्यावर लागणारा बुळबुळीत थर हा जंतूंचे घर असतो आणि तो राख किंवा काथ्याने रोज घासूनच जातो. याउलट, पाण्यातून लस देण्याच्या दिवशी पाणी जंतुनाशकापासून मुक्त असावे लागते. राणीखेत, ज्याला महाराष्ट्रात मानमोडी म्हणतात, त्या रोगाची लासोटा ही लस जिवंत विषाणूंची असते. ब्लीचिंग पावडर टाकलेल्या किंवा नळाच्या क्लोरीनयुक्त पाण्यात ती निकामी होते. म्हणून त्या दिवशी साधे, थंड पाणी घेऊन त्यात साय काढलेल्या दुधाची थोडी भुकटी मिसळतात, आणि पक्षी तहानलेले असावेत यासाठी आधी तास-दोन तास पाणी बंद ठेवतात. उन्हाळ्यात हे सारे पहाटे उरकणे इष्ट, कारण दुपारी तासभर पाणी तोडणे म्हणजे लसीपेक्षा मोठे संकट ओढवून घेणे आहे.

निवाऱ्याचा विचार पाण्याला जोडूनच केला पाहिजे, कारण सावली जितकी चांगली तितके पाणी कमी लागते. पत्र्याचे बुटके खुराडे स्वस्त आणि टिकाऊ असते, पण एप्रिल-मे मध्ये त्याची भट्टी होते. त्यावर उसाचे पाचट, भाताचा पेंढा किंवा तुराट्यांचा थर घातला, अथवा वरून पांढरा चुना दिला, तर आतील ताप बराच उतरतो. खुराड्याची लांब बाजू पूर्व-पश्चिम ठेवल्यास सकाळ-संध्याकाळचे तिरपे ऊन आत कमी येते. खाद्याची वेळ हाही उष्णतेचाच प्रश्न आहे. खाल्लेले पचताना अंगात उष्णता निर्माण होते आणि ती काही तासांनी वाढते. सकाळी दहा वाजता पोटभर दिलेल्या दाण्याची उष्णता भर दुपारच्या उन्हात येऊन मिळते. म्हणून उन्हाळ्यात दाणा उजाडताच आणि ऊन कलल्यावर द्यावा, दुपारी फक्त पाणी आणि हिरवा पाला ठेवावा, हा नियम परसातही पाळण्यासारखा आहे.

हे सर्व सुचवताना एक गोष्ट नजरेआड करून चालणार नाही. परसातील कोंबड्या बहुतेक घरांत बायका सांभाळतात आणि घरचे पाणीही त्याच भरतात. मराठवाड्यातील किंवा माणदेशातील टंचाईच्या दिवसांत, जिथे हंडाभर पाण्यासाठी टँकरची वाट पाहावी लागते, तिथे कोंबड्यांना दिवसाला पाच लिटर जादा पाणी द्या, असे लिहिणे सोपे आणि करणे कठीण आहे. म्हणूनच प्रस्तुत पुस्तकात पाण्याचा प्रत्येक सल्ला पाणी वाचवण्याच्या सल्ल्याबरोबर दिला आहे: न सांडणारे भांडे, दाट सावली, तांदूळ-डाळ धुतलेल्या पाण्याचा त्याच दिवशी वापर, आणि पाण्याच्या सोयीइतकीच पक्ष्यांची संख्या. उन्हाळ्याच्या तोंडाशी जादा कोंबडे विकून कळप आटोपता ठेवणे ही जाणत्या घरांतली रीत केवळ पैशाची नड भागवण्यापुरती नसून पाण्याच्या हिशेबालाही धरून आहे.

थंडीचे प्रकरण उन्हाळ्याच्या मानाने लहान आहे, आणि त्याचे कारण शरीररचनेतच आहे. पिसे फुलवून त्यांत हवेचा थर धरणे, एक पाय पोटाशी घेणे, मान पंखात खुपसणे आणि एकमेकींना चिकटून बसणे, एवढ्या साधनांवर कोरड्या व वारा न लागणाऱ्या जागी पूर्ण वाढीची कोंबडी पाच-सहा अंशांपर्यंतची थंडी सहज काढते. निफाडच्या द्राक्षपट्ट्यात किंवा सातपुड्यातील तोरणमाळच्या पठारावर हिवाळ्यात पारा याहूनही खाली जातो, तिथे भर घालावी लागते ती बाजरी किंवा मक्याच्या संध्याकाळच्या मुठीची, कारण थंडीत अंगात ऊब निर्माण करण्यासाठी खाणे वाढते. थंडीतील खरी चूक वेगळीच असते, आणि ती मायेपोटी होते: खुराडे चारही बाजूंनी प्लास्टिकने गच्च बांधले जाते. आतला ओलावा कोंडतो, विष्ठेतून अमोनिया हा डोळ्यांना झोंबणारा वायू साठतो, आणि थंडीने न आजारलेल्या कोंबड्या श्वासाच्या विकाराने आजारी पडतात. पडदा वाऱ्याच्या बाजूने, कोंबडीच्या डोक्याच्या उंचीपर्यंत असावा आणि वर हवा जायला जागा असावी, एवढे पथ्य पुरेसे आहे. हिवाळ्यातही पाणी दुर्लक्षित होते, कारण कोंबड्या ते कमी पितात. रात्रभर बाहेर राहिलेले गार पाणी सकाळी ओतून कोमट पाणी दिल्यास पिणे आणि त्याबरोबर खाणेही सुधारते. अंडी कमी होण्याचे खापर मात्र सगळेच थंडीवर फोडता येत नाही. कोंबडीचे अंडे दिवसाच्या लांबीशी बांधलेले असून त्यासाठी सुमारे १४ तासांचा उजेड अनुकूल असतो, आणि महाराष्ट्रात डिसेंबरचा दिवस ११ तासांच्या आसपास असतो.

पिल्लांची गोष्ट पूर्ण निराळी. अंड्यातून बाहेर पडल्यावर पहिले दोन-तीन आठवडे पिल्लू आपले तापमान स्वतः राखू शकत नाही. खुडूक कोंबडी, म्हणजे अंडी घालणे थांबवून उबवणीला बसलेली कोंबडी, २१ दिवस अंड्यांना आणि पुढे कित्येक आठवडे पिल्लांना पंखांखाली ऊब देते. ती नसेल तर दिव्याची ऊब द्यावी लागते, पहिल्या आठवड्यात सुमारे ३५ अंश आणि पुढे दर आठवड्याला साधारण तीन अंशांनी कमी. वनराज, गिरिराज यांसारख्या सुधारित जातींची पिल्ले आईविनाच घरी येत असल्याने हा प्रश्न आता घरोघरी उद्भवतो. तापमापक नसला तरी पिल्लेच माप सांगतात: ती दिव्याखाली गोळा झाली तर ऊब कमी, दिव्यापासून दूर जाऊन चोच उघडी ठेवू लागली तर जास्त, आणि सर्वत्र सारखी विखुरली तर बेताची. याच सुधारित जाती मोठ्या झाल्यावर प्रश्न उलटतो. वजनदार अंगात उष्णता अधिक निर्माण होते आणि ती बाहेर टाकण्यास वेळ लागतो, त्यामुळे उष्णतेच्या लाटेच्या दिवसांत गावरान कोंबडीच्या आधी या बळी पडतात. मानेवर पिसे नसलेल्या जातींचा उन्हातला टिकाव अधिक असतो तो त्यांची उघडी मान उष्णता बाहेर टाकते म्हणून. जास्त अंडी किंवा जास्त मांस देणारी जात निवडताना तिच्या बरोबरीने सावलीची आणि पाण्याचीही वाढीव सोय निवडावी लागते.

पावसाळा हा ऊन-थंडीच्या मधला सुखाचा काळ, ही समजूतही तपासून घ्यावी लागते. ओल्या गादीत रक्ती हगवणीचे सूक्ष्म परजीवी झपाट्याने वाढतात, म्हणून भाताचे तूस किंवा शेंगांची टरफले यांची गादी वरचेवर हलवणे आणि भिजलेला भाग काढून टाकणे हे काम या ऋतूत पाणी भरण्याइतकेच नित्याचे असते. साचलेल्या पाण्यातून होणाऱ्या रोगप्रसाराचा विचारही येथेच येतो. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे भारतातील बर्ड फ्लूची पहिली नोंद झाली आणि तेथील लाखो पक्षी नष्ट करावे लागले; हा विषाणू रानपक्ष्यांच्या, विशेषतः पाणपक्ष्यांच्या, विष्ठेतून पाण्यात उतरू शकतो. परसातील कोंबडीला तळ्याकाठी मोकळे सोडण्याऐवजी झाकलेल्या, घरच्या भांड्यातून पाणी पाजण्याला यामुळे आणखी एक भक्कम कारण मिळते.

पुस्तकाची मांडणी या विचारक्रमानेच केली आहे. आरंभी शरीररचना आणि पाण्याचा शरीरातील प्रवास, त्यानंतर भांडी व निवारा, मग उन्हाळा, पावसाळा आणि हिवाळा यांची स्वतंत्र प्रकरणे, आणि शेवटी पिल्लांचे संगोपन व लसीकरण असा हा क्रम आहे. औषधांची जंत्री येथे मुद्दामच दिलेली नाही, कारण आजारी पक्ष्याचे निदान जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात व्हावे हेच योग्य, आणि पाणी-निवाऱ्यातील दोष तसाच ठेवून दिलेले औषध तात्पुरतेच लागू पडते. नफ्या-तोट्याचे ठोकताळेही टाळले आहेत. परसातील कोंबडी अडीअडचणीला विकता येणारा जिन्नस, घरच्या ताटातले अंडे आणि पाहुण्यासाठीचा कोंबडा अशा तिन्ही रूपांत उपयोगी पडते, आणि या तिन्हींचा एकच दर काढता येत नाही.

प्रत्येक सल्ल्यासोबत त्याचे कारण दिले आहे, याचाही हेतू आहे. ज्या वाचकाला धापण्यामागचे कारण कळले, तो आपल्या परसाची हवा कोरडी की दमट हे पाहून गोणपाट भिजवायचे की नाही हे स्वतः ठरवू शकेल. ज्याला केवळ 'गोणपाट भिजवा' एवढेच ठाऊक असेल, तो कोकणात ते भिजवून खुराड्यातील दमटपणा वाढवून बसेल. तेव्हा पुस्तकातील आकडे हे मर्यादा म्हणून न घेता अंदाज म्हणून घ्यावेत, त्यांची पडताळणी रोज सकाळी उरलेले पाणी, ओली किंवा कोरडी गादी आणि दुपारची कोंबड्यांची चोच पाहून करावी, आणि पुस्तक व परस यांत तफावत दिसेल तिथे परसाचा निवाडा मान्य करावा.